आजीच्या ट्रंकेतला वास

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची ट्रंक आहे का? असली तर एक काम करा. घरातल्या मोठ्या माणसाला ती खाली काढायला लावा, झाकण उघडायला सांगा, आणि तुम्ही जरा लांब उभं राहून नुसता वास घ्या. (डोकं आत घालून नको हं! का नको, ते पुढे येईलच.)

आमच्या आजीच्या ट्रंकेचं झाकण करकरत उघडलं, की एक थंडगार, नाकात शिरून बसणारा वास यायचा. पांढऱ्या डांबरगोळ्यांचा. लहानपणी मला तो वास अतिशय आवडायचा. ट्रंक एरवी उघडायचीच नाही. घरात लग्न असलं, पाहुणे आले, कुणाचं बारसं असलं तरच उघडायची. त्यामुळे तो वास आला की समजायचं, आता काहीतरी चांगलं होणार!

मी सोलापूरची. आमचं घर साखर पेठेत. आमच्या भागात सकाळी कोंबडा आरवण्याआधी मागाची खटखट ऐकू यायची. आजूबाजूला सगळी पद्मशाली मंडळी, घरात तेलुगू बोलणारी आणि आमच्याशी मराठी. बाबा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात रंगाई खात्यात होते. संध्याकाळी ते घरी आले, की आम्ही बहिणी दारातच त्यांचे हात बघायचो. निळे असले तर निळा लॉट, तांबडे असले तर तांबडा. साबणानं कितीही घासले तरी नखांच्या कडेला रंग राहायचाच. बाबांचे नुसते हात कसे असतात, हे मला ते निवृत्त झाल्यावर कळलं.

ही हकीकत १९९५ सालच्या जानेवारीतली. मी आठवीत होते. सोलापुरात जानेवारी म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा! नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचे पाळणे, खेळण्यांची दुकानं, भजी, सगळं काही. पण त्या वर्षी आमच्या घरात गड्ड्याहून मोठी धांदल होती. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि नऊ तारखेला तिला मुलगा झाला. मी मावशी झाले! वर्गात पेढे वाटायला आईनं पैसे दिले नाहीत, पण बातमी मात्र मी सगळ्यांना सांगितली, काही जणींना तर दोन-दोनदा.

बाळ दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी आजीनं ट्रंक काढायला लावली. आत तिचा सगळा खजिना होता. माझ्या आणि ताईच्या वेळची झबली, कुंच्या, लंगोट, जुन्या लुगड्याची मऊसूत दुपटी. आणि सगळ्यांत खाली मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर, आईबाबांच्या लग्नात आलेली. प्रत्येक घडीत दोन-तीन डांबरगोळ्या. काही गोळ्या झिजून मुगाएवढ्या झाल्या होत्या. आजीनं चादर उजेडात धरली आणि म्हणाली, "बघ गं, इतकी वर्षं झाली, एक भोक नाही! माझ्या ट्रंकेत कसर शिरायची बिशाद नाही."

थंडी होती. बाळाला आजी रोज कोमट तेलानं चोळायची, न्हाऊ घालायची, ओव्याची धुरी द्यायची, आणि मग ट्रंकेतलं झबलं, ट्रंकेतली कुंची, ट्रंकेतलं दुपटं. वर मोराची चादर चौपदरी. इतका नीटनेटका गुंडाळायची, की पाळण्यात फक्त एक इवलंसं नाक दिसायचं. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास. येणारी-जाणारी बाई म्हणायची, "किती स्वच्छता ठेवलीय बाई तुम्ही!" आजी खूष.

दोन दिवसांनी बाळ पिवळं दिसू लागलं.

"लहान बाळं पिवळी होतातच," आजी म्हणाली. "कोवळ्या उन्हात धरलं की जातं." आता एक सांगते. आजी काही चुकीचं बोलत नव्हती. जन्मल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कितीतरी बाळांना थोडी कावीळ होते आणि बहुतेकांची ती आपोआप उतरते. म्हणूनच तर घोटाळा झाला. आम्ही वाट बघत बसलो. बाळ दूध ओढेना, नुसतं झोपून राहू लागलं. आईला लंगोटावर चहासारखा गडद डाग दिसला. तिनं तो आजीला दाखवला आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आमच्या शेजारी अक्का राहायच्या. त्या एका दवाखान्यात नर्स होत्या. यात्रेमुळे सलग रात्रपाळ्या करून त्या सकाळी सातला घरी परतत होत्या. आईनं त्यांना दारातूनच हाक मारली. अक्का चपला काढून आत आल्या, पाळण्यावर वाकल्या, आणि बाळाकडे बघायच्या आधी त्यांनी नाक वर केलं.

"हा वास कशाचा आहे?"

"डांबरगोळ्यांचा," आजी कौतुकानं म्हणाली. "सगळं जपून ठेवलेलं आहे हो, अगदी ताईच्या वेळचं."

अक्कांनी एक शब्द उच्चारला नाही. चादर काढली, दुपटं काढलं, कुंची, झबलं, लंगोट, सगळं काढून अंगणात फेकलं! आजीच्या समोर! मी तर हबकलेच. स्वतःच्या खांद्यावरची सुती ओढणी त्यांनी बाळाभोवती गुंडाळली आणि ताईला म्हणाल्या, "ऊठ, रिक्षा बोलाव. आत्ताच्या आत्ता."

दवाखान्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. कावीळ धोक्याच्या पातळीच्या वर होती. बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटत होत्या. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, की बाळाचं रक्त थोडं थोडं काढून त्या जागी दुसरं भरावं लागेल. आमच्या गल्लीतले दोन विणकर काका माग बंद करून रक्त द्यायला आले. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि उघड्या अंगानं त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. काचेतून बघताना ते मला निळ्या पाण्यात पडलेल्या बाहुलीसारखं दिसलं. बाहेर यात्रेचं शोभेचं दारूकाम चाललं होतं, त्याचे आवाज येत होते. आजी बाकावर बसून होती. तिनं दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. एकदाच तिचा आवाज फुटला. "मीच पांघरलं गं त्याला," म्हणाली.

आता तुम्ही विचाराल, नुसत्या वासानं असं होतं? वासानं कुणी आजारी पडतं का?

डांबरगोळी ज्या पदार्थाची करतात त्याचं नाव नॅप्थलीन. साधारण १८२० च्या सुमारास तो दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळा काढला गेला. आता कळलं, पांढऱ्याशुभ्र गोळीला डांबरगोळी का म्हणतात! याची गंमत अशी, की हा पदार्थ न वितळताच हवेत उडून जातो, कापरासारखा. ट्रंकेतली सुपारीएवढी गोळी मुगाएवढी झाली, तर बाकीची गोळी कुठं गेली? कपड्यांच्या धाग्यांत गेली. आणि कपडे उघडले की तिथून खोलीत, आणि खोलीतून आपल्या छातीत. जो वास येतो तो गोळीची 'आठवण' नसते, ती गोळीच असते! आणि आमची ट्रंक कुठं, तर पत्र्याखालच्या माळ्यावर. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. ४४ अंशांत ती गोळी किती भराभर उडत असेल बघा.

मोठ्या माणसाच्या शरीरात थोडं नॅप्थलीन गेलं तर शरीर ते निस्तरतं. पण ते निस्तरताना जे पदार्थ तयार होतात ते तांबड्या पेशींना जाळू बघतात. आपल्या तांबड्या पेशींमध्ये एक राखणदार असतो. त्याचं नाव जरा अवघड आहे, जी-६-पीडी. हे एक एन्झाइम, म्हणजे शरीरातलं काम सोपं करणारं प्रथिन. ते पुरेसं असेल तर पेशी तग धरते. जगात सुमारे ४० कोटी माणसांच्या शरीरात हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं, आणि आपल्या देशातही अशी माणसं आहेत. त्यांना एरवी काहीही त्रास नसतो. खेळतात, पळतात, पहिले नंबर काढतात. पण मलेरियावरचं प्रायमाक्विन दिलं, किंवा नॅप्थलीन शरीरात गेलं, की तांबड्या पेशी फुटायला लागतात. ही उणीव आईकडून येते आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळते. आमचं बाळ त्यातलंच निघालं. हे लगेच कळलं नाही बरं का. पेशी फुटत असताना नव्या, ताज्या पेशींमुळे तपासणी फसू शकते, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा उलगडा झाला.

पेशी फुटल्या की त्यांच्यातल्या तांबड्या द्रव्यापासून पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं. पण चार-पाच दिवसांच्या बाळाचं यकृत अजून शिकाऊ असतं! पिवळं द्रव्य साठत जातं, फारच साठलं तर मेंदूत शिरतं, आणि तिथं केलेलं नुकसान जन्मभर भरून येत नाही. ऐकू न येणं, हातपाय ताठ होणं, आणि कधी कधी मरणसुद्धा. अक्कांनी रिक्षा बोलवायची घाई का केली, ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

आणि ते तेल! तेल लावलेल्या अंगातून नॅप्थलीन आणखी सहज आत जातं. म्हणजे तेल, कपडे आणि बंद खोली, तिन्ही वाटा आम्ही मोठ्या प्रेमानं उघडून दिल्या होत्या.

हे आमच्याच घरात पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९६३ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशाच २१ बाळांची हकीकत छापली होती. तिथंही डांबरगोळ्यांत ठेवलेली पांघरुणं आणि कपडे होते. त्यातल्या बहुतेक बाळांच्या अंगाला ते कपडे लागलेलेही नव्हते. त्याच घरात, त्याच खोलीत ते होते एवढंच. शिवाय त्यातल्या सगळ्याच बाळांत जी-६-पीडी कमी नव्हतं. म्हणजे 'आमच्या घरात कुणाला तसलं काही नाही' असं म्हणून सुटका नाही. म्हणूनच तर म्हटलं, ट्रंकेत डोकं घालू नका.

जाता जाता त्या निळ्या दिव्याबद्दल सांगायलाच हवं. तो कुणाच्या नजरेतून आला ठाऊक आहे? एका नर्सच्या! १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्ड गावच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अशक्त बाळांना बागेतल्या उन्हात नेत असत. एका पिवळ्या बाळाच्या अंगाचा उन्हात राहिलेला भाग फिका झालाय आणि दुपट्यानं झाकलेला भाग तसाच पिवळा राहिलाय, हे त्यांना दिसलं. पुढे १९५८ मध्ये तिथल्याच डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाचे प्रयोग करून ते छापलं. तेव्हा आजीचं कोवळं ऊन अगदीच भाकडकथा नव्हती. पण जोराच्या काविळीला अंगणातलं ऊन पुरत नाही. तिथं डॉक्टरच हवेत.

बाळ अकरा दिवसांनी घरी आलं. बारसं पुढे ढकललं होतं ते झालं. पण आजी काही पहिल्यासारखी होईना. पाळण्याजवळ जायची, हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. बाळाला न्हाऊ घालायचं तिनं सोडून दिलं. "माझ्या हाताला आता विश्वास नाही," म्हणायची. ट्रंक अंगणात, पावसापाण्याची पर्वा न करता, उघडीच पडून होती.

आणि त्याच सुमाराला बाबांच्या कारखान्यात एक कागद आला. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून, टंकलेखन केलेला. जर्मनीनं १९९४ साली काही अझो रंगांवर बंदी घातली होती. अंगाला लागणाऱ्या कापडातले हे रंग फुटून त्यातून कर्करोग घडवणारे पदार्थ निघू शकतात, म्हणून. तुमच्या टॉवेलला कोणते रंग वापरता ते लिहून कळवा, नाहीतर माल उचलणार नाही, असा त्या कागदाचा अर्थ. बाबा तो कागद घरी घेऊन आले. रात्री जेवणं झाल्यावर ते आजीच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आई, वीस वर्षं मी रंगात हात घालतोय," ते म्हणाले. "कोणत्या डब्यात काय आहे, मी कधी विचारलं नाही. डब्यावर लिहिलेलं असतं लाल, पिवळा, काळा. रंग पक्का बसतो ना, मग झालं. तू ट्रंकेत गोळ्या टाकल्यास, मी हौदात हात घातले. दोघांनीही विचारलं नाही."

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता विचार की."

बाबांनी विचारलं. कारखान्यातले सगळे डबे बाहेर काढून, नावं आणि नंबर वहीत उतरवून, यादीशी ताडून बघायला त्यांना आणि मालकांना आठवडा लागला. काही डबे बाद झाले. इथं एक सांगायला हवं, सगळेच अझो रंग वाईट नसतात. ज्यांच्यातून बेंझिडीनसारखे पदार्थ सुटतात तेवढेच. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच दाखवून दिलं होतं. जर्मनीचा कायदा त्यानंतर ९९ वर्षांनी आला! आपल्या सरकारनं १९९७ साली असल्या ७० अझो रंगांवर बंदी घातली. टॉवेल वापरणाऱ्या माणसासाठी कागद आला, पण तो टॉवेल रंगवणाऱ्याच्या हातांबद्दल आधी कुणी विचारलं नव्हतं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट मला पुढे कॉलेजात कळली. बाबांच्या खात्यात नॅप्थॉल नावाचे रंग असायचे. एका पाण्यातून धागा फिकट निघायचा आणि दुसऱ्या, बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवला की डोळ्यांदेखत तांबडाभडक व्हायचा. मे महिन्यात त्या बर्फाचे तुकडे खायचा आम्हाला मोह व्हायचा. तर हे नॅप्थॉल, नाव बघा, त्या नॅप्थलीनपासूनच करतात! म्हणजे चादरीवरचा तांबडा मोर आणि त्याच्या घडीतली पांढरी गोळी, दोघं एकाच डांबराची लेकरं. पण मोर तिथं धाग्यात पक्का चिकटून बसतो आणि गोळी उडून छातीत जाते. एकाच कुळातले दोघं, तरी एकाला घरात ठेवावं आणि दुसऱ्याला नाही. नुसत्या नावावरून किंवा कुळावरून ठरवता येत नाही, हे मला तिथं पटलं.

आजीनं मात्र तिच्या पद्धतीनं शोध घेतला. एक दिवस अक्कांना तिनं विचारलं, "डांबरगोळ्या नकोत, तर मग कापूर ठेवू का? तो तर देवाचा आहे." अक्का म्हणाल्या, "देवाचा असला तरी लेकरानं तोंडात टाकला तर झटके येतात." हे खरं आहे. कापराची छोटीशी वडीसुद्धा लहान मुलाला फेफऱ्यासारखे झटके आणू शकते. मग मेंदी? बारशाला बाळाच्या तळपायाला लावायची पद्धत काही घरांत असते. अक्कांनी तीही नको म्हटलं. मेंदीच्या पानातल्या रंगाची ठेवण नॅप्थलीनच्याच घराण्यातली, आणि जी-६-पीडी कमी असलेल्या बाळांना मेंदी लावल्यावर पेशी फुटल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. झाडावरचं, म्हणून निर्धोक, असं नसतं. तुम्ही ज्या पुड्यावर 'शुद्ध नैसर्गिक' असं हिरव्या अक्षरांत वाचता ना, त्यावर आत काय आहे तेही लिहिलंय का, तेवढं बघत जा.

शेवटी आजीनंच अक्कांना कोड्यात टाकलं. "पण मला सांगा, ही कसर खाते तरी काय?"

खरंच, काय खाते? कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी लोकर आणि रेशीम खाते, कारण ते प्राण्यांपासून आलेलं असतं. स्वच्छ धुतलेल्या सुताशी तिला काही कर्तव्य नाही. चंदेरी कसर असते तिला कपड्याची खळ आवडते, पुस्तकाचा डिंक आवडतो. म्हणजे आजीची चादर सुती, दुपटी सुती, लंगोट सुती, खळ कधीच धुऊन गेलेली. इतकी वर्षं ट्रंकेत आलेलं एकही भोक डांबरगोळ्यांमुळे टळलं नव्हतं. पडणारच नव्हतं! आजीला हे समजलं तेव्हा ती आधी रडली आणि मग हसली.

बाळाच्या अंगाला लागलेले ते कपडे अक्कांनी आधीच बाजूला काढले होते, ते पुन्हा बाळासाठी कधी वापरले नाहीत. चादरी मात्र तिनं धुतल्या, गच्चीवर उन्हात टाकल्या आणि वास जाईपर्यंत रोज टाकल्या. नुसतं धुऊन तो वास जात नाही, हवा आणि ऊन लागतं. सोलापुरात ऊन फुकट आहे! ट्रंकही धुतली, वाळवली. लोकरीचे दोन स्वेटर तेवढे जाड कापडाच्या पिशवीत तोंड शिवून ठेवले. दर दोन महिन्यांनी पिशवी उसवून झटकायची, उन्हात टाकायची आणि पुन्हा शिवायची. कष्ट आहेत, पण आजीला कष्टांचं काय!

हे सगळं जुनं झालं असं तुम्हाला वाटेल. युरोपीय संघानं २००८ साली नॅप्थलीनच्या गोळ्यांवर बंदी घातली आहे. पण आपल्याकडे त्या अजूनही किराणा दुकानात मिळतात, मोरीत टाकायच्या निराळ्या, कपाटात टाकायच्या निराळ्या. काहींत नॅप्थलीनऐवजी पॅराडायक्लोरोबेंझीन असतं. तेही बाळाच्या खोलीत नकोच. आणि रांगणारं लेकरू पांढरी गोळी बघितली की पेपरमिंटच समजणार. घरातलं दुसरंही थोडं बघून ठेवा. डासांच्या आणि झुरळांच्या औषधांवर एक रंगीत चौकोन तिरपा बसवलेला असतो, त्यातला रंग बघा. लाल सगळ्यांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे हं. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, क्लोरिन वायू निघतो. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे. गड्ड्यात खेळणं घेताना ती शोधा, आणि दुकानदारानं तोंड वाकडं केलं तर करू द्या. पाळणा रंगवायचा असेल तर जुना उरलेला डबा नको. घरगुती रंगात शिसं किती चालेल याची मर्यादा २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग एवढी खाली आली आहे, त्याआधीच्या डब्यात किती असेल काय सांगावं? आणि बाळं पाळण्याची कड चावतातच. सुरमा डोळ्यांत घालू नका, त्यात शिसं असू शकतं. घरी दिव्यावर धरलेलं काजळही बाळाच्या डोळ्यांत नको, असंच डॉक्टर सांगतात. आजी हे शेवटचं काही ऐकायला तयार नव्हती. तिनं कानामागे एक तीट लावली आणि तह केला.

माझा तो भाचा आता चांगला उंच झाला आहे. त्याच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद असतो. कोणती औषधं घ्यायची नाहीत त्याची यादी त्यावर लिहिलेली आहे. डॉक्टर बदलला की तो आधी तो कागद टेबलावर ठेवतो.

पुढच्या वर्षीच्या गड्ड्याच्या आधीची गोष्ट. आजी मला घेऊन मधल्या मारुतीपाशी बाजाराला गेली. हळद, सुपारी, वाती घेऊन झाल्या. दुकानदारानं सवयीनं डांबरगोळ्यांची पुडीही पुढे सरकवली. "आजी, तुमच्या नेहमीच्या."

आजीला वाचता येत नव्हतं. तिनं पुडी उचलली, मागे-पुढे फिरवली आणि माझ्या हातात दिली. "वाच."

पुढच्या बाजूला एक फूल होतं आणि 'सुगंधी' असं मोठ्या अक्षरांत. मागे अगदी बारीक अक्षरांत एका ओळीत नाव होतं. मी ते वाचून दाखवलं. आजीनं पुडी परत ठेवली आणि हळदीचा पुडा उचलला. मग सुपारीचा. मग साबणाची वडी.

"अहो आजी, हे काय औषधाचं दुकान आहे का?" दुकानदार हसत म्हणाला.

"म्हणून तर विचारतेय," आजी म्हणाली, आणि वातींचा पुडाही माझ्याकडे दिला. "हं, वाच पुढं. बारीक अक्षरातलंसुद्धा."